पाहुणा होऊन आलेला यजमान : विल्यम कॅरी यांचे चरित्र

आपल्या मंडळीत नवा पाळक येतो, शाळेत परक्या जिल्ह्यातील शिक्षिका येते, किंवा दवाखान्यात दूरच्या प्रांतातील परिचारिका नेमली जाते, तेव्हा तिचे किंवा त्याचे स्वागत कसे करावे, हा प्रश्न पुष्कळांस लहानसा वाटतो. हार घातला, चहा दिला, दोन गोड शब्द बोलले म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत करून आपण घरोघर परततो. मग त्या नव्या माणसाने भाकरीपाण्याची सोय कोठे केली, त्याला येथील बोली कळते की नाही, रात्री तापाने फणफणला तर कोणास हाक मारील, याची चौकशी करावयाची राहून जाते. या विषयावर कोरडा उपदेश करण्यापेक्षा एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. विल्यम कॅरी यांचे नाव भाषांतरकार म्हणून सर्वांस ठाऊक आहे. पण आयुष्यातील चाळीस वर्षे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या नव्या मिशनऱ्यांसाठी दार उघडे ठेविले, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ती त्यांना कशी साधली व एकदा कशी साधली नाही, हे आज सांगावयाचे आहे.

कॅरी यांचा जन्म इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. बाप विणकर होता व पुढे गावच्या शाळेचा मास्तर झाला. मुलाने जोडे शिवण्याचा धंदा धरिला. चामडे कापता कापता त्याने लॅटिन, ग्रीक व इब्री या भाषांचा अभ्यास आरंभिला. वीस वर्षांचा होण्यापूर्वीच त्याने डॉरथी प्लॅकेट या मुलीशी लग्न केले. १७८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर तो लहान लहान मंडळ्यांचा पाळक झाला, पण पोटासाठी जोडे शिवणे सुटले नाही. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी मूठभर पाळकांनी मिळून मिशनरी मंडळ स्थापिले, त्यात कॅरींचा उत्साह मुख्य होता. दुसऱ्याच वर्षी ते बायको, चार मुले व मेहुणी यांसह हिंदुस्थानास निघाले. जॉन टॉमस नावाचे डॉक्टर, ज्यांनी बंगाल पूर्वी पाहिला होता, ते सोबत होते.

त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्यावाचून कोणा इंग्रजास बंगाल्यात राहता येत नसे, आणि मिशनऱ्यास परवाना मिळण्याची आशा नव्हती. इंग्रजी जहाजाच्या कप्तानाने त्यांस उतरवून दिले, म्हणून डेन्मार्कच्या एका जहाजातून ते आले. ११ नोव्हेंबर १७९३ रोजी कलकत्त्याच्या धक्क्यावर हे कुटुंब उतरले, तेव्हा त्यांस न्यावयास कोणीही आले नव्हते. ओळखीचे घर नव्हते आणि मागे सरकारची भीती होती. आणलेला पैसा महिना-दोन महिन्यांत संपला. डॉरथीबाई व दोन मुले आजारी पडली. परक्या देशात आजारी मुलांस घेऊन जाणाऱ्या आईची अवस्था ज्यांनी भोगिली आहे त्यांसच ती कळेल.

अशा वेळी पहिला आसरा एका बंगाली धनिकाने दिला. तो हिंदू होता. माणिकतळ्याच्या बाजूस त्याच्या बागेत एक लहानसे घर होते, ते त्याने भाडे न घेता या लोकांस राहावयास दिले. पुढे १७९४ च्या फेब्रुवारीत कॅरी नावेने सुंदरबनाकडे निघाले. तेथे जंगल तोडून शेती करावी व पोट भरावे, असा त्यांचा विचार होता. सोबत मुनशी रामराम बसू होते. देभट्टा येथे नदीकाठी एका इंग्रजाचे घर दिसले. तेथे चार्ल्स शॉर्ट नावाचे गृहस्थ कंपनीच्या मिठाच्या कारखान्यावर होते. ख्रिस्ती धर्मावर त्यांचा विश्वास नव्हता आणि मिशनरी कार्य त्यांस व्यर्थ वाटे. तरी त्या अनोळखी पुरुषाने सात जणांच्या या कुटुंबास घरात घेतले आणि पाहिजे तितके दिवस राहा असे सांगितले. पुढे कॅरींच्या मेहुणीने त्यांच्याशीच लग्न केले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या पुरुषाने पुढे शेकडोंना आपल्या मेजावर बसविले, त्याला या देशात पहिले छप्पर एका हिंदूने दिले आणि दुसरे एका अविश्वासी गृहस्थाने. पाहुणचाराचा हा धडा कॅरींस कोणा धर्मगुरूकडून मिळाला नाही. ओल्या नावेतून उतरून दुसऱ्याच्या ओसरीवर उभे राहताना तो मिळाला, आणि तो ते विसरले नाहीत.

त्याच वर्षी जॉर्ज उडनी या ख्रिस्ती व्यापाऱ्याने त्यांस मालदा प्रांतात मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर दरमहा दोनशे रुपयांवर नेमिले. पोटाची सोय झाली, पण दुःख सोबतच आले. पाच वर्षांचा पीटर तापाने दगावला. परक्या माणसाच्या मुलाची शवपेटी करावयास वा खाच खणावयास कोणी सहजासहजी पुढे येईना. डॉरथीबाईंच्या मनावर या सर्वांचा आघात झाला आणि त्यांची बुद्धी बिघडली ती १८०७ च्या डिसेंबरात त्या वारल्या तोपर्यंत सुधारली नाही. पाहुण्यांनी भरलेल्या त्या घराच्या एका खोलीत बारा-तेरा वर्षे हे दुःख होते. थोर माणसांच्या चरित्रात ही गोष्ट हलक्या हाताने सांगण्याची रीत आहे. आम्हांस ती झाकावीशी वाटत नाही. त्या बाईस कोणी वेळेवर धीर देणारी शेजारीण मिळाली असती तर काय झाले असते, हे देव जाणे.

१७९६ साली जॉन फाउंटन हे पहिले साथीदार मदनाबाटीस आले. मग १७९९ च्या ऑक्टोबरात एका अमेरिकन जहाजाने जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड, ग्रँट व ब्रन्स्डन हे चौघे कुटुंबकबिल्यासह आले. कंपनी सरकार त्यांस परत धाडण्याच्या विचारात होते, म्हणून ते थेट हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील सेरामपूर या डॅनिश वसाहतीत उतरले. (हे बंगाल्यातील श्रीरामपूर होय, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे.) तेथील वृद्ध गव्हर्नर कर्नल बी यांनी त्यांस अभय दिले व कंपनीच्या धमकीस भीक घातली नाही. तरी देशाच्या हवेने आपला कर घेतलाच. तीन आठवड्यांच्या आत ग्रँट वारले, आणि त्यांची विधवा व मुले परमुलखात उघडी पडली.

आता कॅरींपुढे प्रश्न उभा राहिला. नव्या मंडळींनी आपल्याकडे मदनाबाटीच्या बाजूस यावे, ही त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी जवळच स्वतःच्या पैशाने निळीचा एक लहान कारखानाही घेतला होता. पण सरकार नव्या लोकांस कंपनीच्या मुलखात पाऊल ठेवू देईना. वॉर्ड व फाउंटन त्यांस भेटावयास आले व सर्व हकीकत सांगितली. तेव्हा कॅरींनी पाच वर्षांचे बस्तान मोडिले, कारखान्याचा तोटा सोसला, छापखाना नावेत घातला, आणि १० जानेवारी १८०० रोजी सेरामपुरास नव्या माणसांकडे राहावयास आले. जुन्याने नव्यास आपल्या घडीत बसवून घ्यावे, ही जगाची रीत आहे. येथे जुना माणूस आपली घडी मोडून नव्यांकडे गेला. आम्हांस वाटते की सेरामपूरच्या कार्याचा पाया त्या दिवशी घातला गेला.

सहा हजार रुपयांस नदीकाठी एक मोठे घर घेतले आणि सर्व कुटुंबे एकत्र राहू लागली. घराचे नियम ऐकण्यासारखे आहेत. मिळकत सर्वांची एक, मेज एक, आणि कोणी खाजगी व्यापार करावयाचा नाही. घरकारभार एकेकाने महिना महिना पाळीपाळीने पाहावयाचा. उपासना व उपदेशही पाळीने. कॅरी खजिनदार होते आणि औषधांची पेटी त्यांच्याकडे होती. फाउंटन पुस्तके सांभाळीत. शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावयाचे, आठवड्यात जे रुसवेफुगवे झाले असतील ते बोलून मिटवावयाचे, आणि पुन्हा एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन द्यावयाचे. एका छपराखाली राहणाऱ्या माणसांत भांडणे होणार हे त्यांनी आधीच धरले होते. या नियमांतील सर्वांत शहाणपणाचा नियम हाच, असे आमचे मत आहे.

या घराचा खरा भार हॅना मार्शमन या बाईंवर होता. त्यांनी व त्यांच्या पतींनी मुलांची शाळा काढली आणि तिच्या उत्पन्नावर घराचा पुष्कळ खर्च चाले. आईच्या आजारामुळे मोकाट वाढलेल्या कॅरींच्या मुलांकडे त्या बाईंनी व वॉर्ड यांनी लक्ष दिले. कॅरी स्वतः १८०१ पासून कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. पगार प्रथम पाचशे व पुढे हजार रुपये झाला, पण त्यातील थोडीशी रक्कम स्वतःच्या गरजेपुरती ठेवून बाकी सर्व ते सामाईक तिजोरीत टाकीत. पाहुण्यांच्या ताटातील भात येथून येई.

परंतु एका देशाच्या लोकांनी आपल्याच देशाच्या लोकांस जेवू घालणे हे काही मोठे नव्हे. सेरामपूरच्या मेजाची कसोटी १८०० च्या डिसेंबरात लागली. कृष्ण पाल नावाचा सुतार होता. त्याचा खांदा निखळला, तो डॉक्टर टॉमस यांनी बसविला, आणि तेथून तो वचन ऐकू लागला. २२ डिसेंबर रोजी कृष्ण व त्याचा मित्र गोकुळ यांनी मिशनऱ्यांच्या पंगतीत बसून अन्न घेतले व जातीचे बंधन तोडिले. बातमी पसरताच मोठा जमाव जमला व त्यांस ओढीत न्यायाधीशाकडे घेऊन गेला. डॅनिश न्यायाधीशाने त्यांस सोडून दिले. २८ डिसेंबर रोजी हुगळी नदीत कृष्णाचा बाप्तिस्मा झाला. त्याच वेळी कॅरींचा थोरला मुलगा फीलिक्स यानेही बाप्तिस्मा घेतला. सुतार व मिशनऱ्याचा मुलगा एकाच पाण्यात उतरले.

पुढे १८०३ साली कृष्णाच्या मुलीचे लग्न एका ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाशी झाले. त्या रात्री कृष्णाच्या घरी जेवण होते आणि मिशनरी त्याच्या घरी पाहुणे म्हणून जेवावयास बसले. दोन वर्षांपूर्वी जो त्यांच्या पंगतीला बसला म्हणून मार खात होता, तोच आता यजमान झाला. ज्या घरातून केवळ अन्न बाहेर जाते आणि कधी आत येत नाही, ते घर दात्याचे असेल, भावाचे नव्हे. आपल्या खेड्यातील भाकरी पुढे करावयास जे लाजतात त्यांनी कृष्ण सुताराच्या या जेवणाची आठवण ठेवावी.

कॅरी महाराष्ट्रात राहिले नाहीत. तरी त्यांनी आमच्या भाषेतही येणाऱ्यासाठी दार उघडून ठेविले होते. कॉलेजात ते बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण छापले आणि त्यास रोजच्या व्यवहारातील संभाषणे जोडिली. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८१० साली मोडी लिपीतील शब्दकोश व १८११ साली नवा करार प्रसिद्ध झाला. त्या मराठीत आज पुष्कळ खडबडीतपणा दिसतो, व पुढच्या भाषांतरकारांनी तो दूर केला. परंतु परक्या मुलखात उतरलेल्या माणसास पहिली गरज असते ती बाजारात व ओसरीवर बोलावयाच्या चार वाक्यांची. ती ज्याने आधी लिहून ठेविली त्याने त्याचे अर्धे स्वागत केले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता १८१२ सालाकडे वळू. ११ मार्चच्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, खिळे, आणि कॅरींच्या वर्षानुवर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळून गेली. छापण्याची यंत्रे वाचली. राखेतून वितळलेले शिसे काढून नवे खिळे ओतावयास लगेच आरंभ झाला. अशी राख अंगणात असता तीन महिन्यांनी, १७ जून रोजी, अमेरिकेहून निघालेले पहिले मिशनरी कलकत्त्यास उतरले. अडोनिराम जडसन व सॅम्युएल न्यूएल हे दोघे तरुण व त्यांच्या नवपरिणीत बायका होत्या. कॅरींनी त्यांस कलकत्त्यातील आपल्या घरी घेतले आणि तेथून सेरामपुरास नेले. ऑगस्टात दुसऱ्या जहाजाने गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व त्यांची पत्नी, आणि लूथर राइस हे आले. आमच्या घरी सध्या संकट आहे, दुसरीकडे पाहा, असे सेरामपूरच्या मंडळींनी म्हटले नाही.

हे अमेरिकन बालबाप्तिस्मा मानणारे होते आणि यजमान तो मानणारे नव्हते. तेव्हा मेजावर वाद होणे सोपे होते. पण आपल्या मताच्या नसलेल्या पाहुण्यांपुढे बाप्तिस्म्याचा विषय आपण होऊन काढावयाचा नाही, असा सेरामपूरच्या मंडळींचा दंडकच होता. जडसन यांनी वाटेतच जहाजावर या विषयाचा अभ्यास सुरू केला होता. त्यांचे मत बदलल्याचे त्यांनी पत्राने कळविले तेव्हा यजमान चकित झाले. ६ सप्टेंबर रोजी वॉर्ड यांनी त्या पतिपत्नींस कलकत्त्यात बाप्तिस्मा दिला. पाहुण्याच्या ताटात अन्न वाढावे, मत वाढू नये, हा धडा आपल्या निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्यांनी आजही घ्यावा असा आहे.

सरकारने या सर्वांस देश सोडून जाण्याचा हुकूम केला. न्यूएल पतिपत्नी मॉरिशस बेटाकडे गेली. तेथे ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट न्यूएल एकोणीस वर्षांच्या वयात वारल्या. त्यांचे तान्हे मूल त्यांच्या आधीच गेले होते. जडसन अखेर ब्रह्मदेशास पोहोचले. हॉल व नॉट मुंबईच्या जहाजात चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. तेथेही त्यांस हाकलून देण्याचे हुकूम निघाले, व आज जावे लागते की उद्या, अशा स्थितीत त्यांनी बहुतेक वर्ष काढिले. शेवटी गव्हर्नर सर एव्हान नेपियन यांच्या कारकीर्दीत त्यांस राहावयास मिळाले, आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. विधुर न्यूएलही पुढे मुंबईस आले आणि १८२१ साली तेथेच पटकीने वारले. हॉल १८२६ साली नाशिककडील दौऱ्यावर त्याच रोगाने गेले. आमच्या कित्येक मंडळ्यांचे मूळ या माणसांपर्यंत पोहोचते. म्हणून कलकत्त्याच्या त्या घरात त्यांस मिळालेल्या चार दिवसांच्या विसाव्याचे ऋण आमच्यावरही आहे.

येथवर सर्व गोड झाले. पण चरित्र खरे सांगावयाचे तर कडू भागही सांगितला पाहिजे. १८१४ पासून इंग्लंडहून नवे तरुण मिशनरी येऊ लागले. त्यांत कॅरींचे पुतणे युस्टेस कॅरी, विल्यम येट्स व विल्यम पिअर्स हे होते. सेरामपूरची घरे व मालमत्ता पहिल्या तिघांच्या व्यवस्थेखाली होती. तरुणांस वाटू लागले की आपणांस पंगतीत जागा आहे, पण कारभारात नाही. वडिलांस वाटू लागले की वीस वर्षांच्या घामाचा हिशेब काल आलेली मुले मागतात. १८१७-१८ च्या सुमारास तरुण वेगळे झाले व त्यांनी कलकत्त्यात निराळे काम काढिले. विलायतेच्या मंडळाशीही खटके उडत गेले आणि १८२७ साली सेरामपूर त्या मंडळापासून तुटले. कटुता पुढे बरीच ओसरली, तरी तुटलेला धागा गाठ मारूनच सांधला जातो. दोष कोणा एकाचा होता असे आम्ही म्हणत नाही. इतकेच दिसते की शनिवारच्या संध्याकाळी बोलून मिटविण्याचा जो नियम १८०० साली सर्वांस पुरला, तो पंधरा वर्षांनी पुरला नाही. नव्या माणसास ताट देणे सोपे आहे. त्याच्या हाती किल्ली देणे कठीण आहे, आणि कॅरींसारख्या नम्र पुरुषासही ते तेव्हा साधले नाही.

देवाने त्यांस आणखी एक प्रसंग दिला. १८३० च्या मे महिन्यात अलेक्झांडर डफ हे चोवीस वर्षांचे स्कॉटिश मिशनरी कलकत्त्यास आले. वाटेत त्यांचे जहाज दोनदा फुटले होते व शेकडो पुस्तके समुद्रात गेली होती. इंग्रजी भाषेतून उच्च शिक्षणाची शाळा काढावी असा त्यांचा बेत होता. कलकत्त्यातील जवळजवळ सर्व जुन्या मिशनऱ्यांनी तो नापसंत केला. डफ सेरामपुरास गेले. कॅरी तेव्हा अडुसष्ट वर्षांचे, आजाराने थकलेले, वाळलेले वृद्ध होते. त्यांचे सारे आयुष्य देशी भाषांच्या सेवेत गेले होते, तेव्हा हा तरुण आपल्या वाटेने चालत नाही, असे म्हणण्याचा अधिकार सर्वांहून अधिक त्यांना होता. त्यांनी सर्व ऐकून घेतले, बेतास संमती दिली, आणि हात पसरून त्या तरुणास आशीर्वाद दिला. शाळेसाठी जागा राजा राममोहन रॉय यांनी मिळवून दिली व पहिले विद्यार्थीही त्यांनीच आणून दिले. सदतीस वर्षांपूर्वी कॅरींस एका बंगाली गृहस्थाने छप्पर दिले होते. आता डफ यांच्या शाळेस दुसऱ्या बंगाली गृहस्थाने ते दिले.

९ जून १८३४ रोजी कॅरी सेरामपूर येथे वारले. शेवटच्या आजारात डफ त्यांस भेटून गेले होते. एकेचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परत गेले नाहीत. पाहुणा म्हणून आलेला पुरुष त्या देशाचाच होऊन मातीस मिळाला.

प्रिय वाचकहो, परदेशी मिशनऱ्यांनी गावोगाव तंबू ठोकण्याचे दिवस मागे पडले आहेत. तरी नवा माणूस आपल्या दारी येतच राहणार. तो आपल्याच जिल्ह्यातला असेल, नाहीतर मिझोराम किंवा तमिळनाडूचा असेल. कदाचित तो वेगळ्या पंथाचा असेल, आणि त्याची प्रार्थनेची तऱ्हाही निराळी असेल. त्यास पहिल्या दिवशी जेवू घालाच. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या बायकोस विहिरीची व बाजाराची वाट दाखवा, कारण डॉरथीबाईंस ती दाखविणारे कोणी नव्हते. तिसऱ्या महिन्यात त्याच्याविषयी मनात आलेला राग घरोघर नेऊ नका, शनिवारी त्याच्यासमोर बसून बोला. आणि एखाद्या वर्षाने तो म्हणेल की हे काम मी निराळ्या रीतीने करू पाहतो, तेव्हा वृद्ध कॅरींनी पसरलेले हात आठवा. अब्राहामाने मम्रेच्या झाडांखाली तिघा परक्यांस पाणी दिले, तेव्हा ते कोण आहेत हे त्यास ठाऊक नव्हते. आपणांसही ते आधी कळत नाही.